धरमपेठेतली ओळख

"आई, तिथं सगळं पायी आहे. भाजी पायी, दवाखाना पायी, मेट्रो पायी." धरमपेठेत फ्लॅट घेतला तेव्हा उन्मेषने मला हे इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मी म्हटलं, बाबा, मी येते, पण तू गप्प बस. मुलगा नोकरीला पुण्यात, फ्लॅट नागपुरात आणि राहायचं मी. खापरखेड्याच्या कॉलनीत राख खात कशाला बसतेस, असं त्याचं म्हणणं. राखेचं खोटं नव्हतं. वाळत घातलेल्या साडीवरून हात फिरवला की बोटं करडी व्हायची.

मी तारा मेश्राम. तिथल्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी बॉयलरचं पाणी तपासण्यात गेली. नळीत रंग उतरल्याशिवाय मी साहेबांच्या बापाचंही ऐकलं नाही. तेव्हा पुढचं जसं घडलं तसंच सांगते. मीठमसाला लावायची मला सवय नाही.

कॉलनीत दार उघडलं की समोरच्या अंजनाबाई ओरडायच्या, "काहून वं तारा, आज उशीर केला?" असा राग यायचा! इथं आल्यावर वाटायला लागलं, विचारा की कोणीतरी. पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये एका बाईंनी हसून आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या आणि दारावरचे आकडे वाचत उभ्या राहिल्या. नंतर भेटल्या की त्यांचं डोकं फोनमध्ये. हे 'अच्छा' मी जन्मभर ऐकलंय, त्याचं मला काही नाही. पण दिवसच्या दिवस आपलं नाव कोणी घेत नाही, हे मात्र फार वाईट. मी भाजी चिरताना स्वतःलाच हाक मारून पाहायची. हसू नका, एकटं राहून बघा.

म्हणून संध्याकाळी पाचला चप्पल घालून निघायची. लक्ष्मीभुवन चौकातून डावीकडे, ट्रॅफिक पार्कवरून गोकुळपेठेच्या बाजारापर्यंत आणि परत. डिसेंबर होता. तरी दुकानांची काचेची दारं उघडली की एसीची हवा घोट्यांना लागायची, पाठोपाठ कॉफीचा वास. लेहंगे घातलेल्या बिनडोक्याच्या पुतळ्या, त्यांच्यासमोर फुटपाथवर संत्र्यांचे ठेले. मध्येच एखादा जुना बंगला, फाटकावर बोगनवेल, आत दिवा नाही. बायका पांढरे बूट घालून झपाझप चालायच्या. कोणाचा धक्का लागला तर 'सॉरी' माझ्या पिशवीला म्हणायच्या.

त्या रस्त्यावर एक जुनं कापडाचं दुकान आहे. मालक मनोहरराव, सत्तरीचे, पांढरा सदरा, दाराशीच खुर्ची टाकून बसलेले. एके दिवशी मी पुढून जात असताना ते उठून उभे राहिले.

"या या वहिनी! किती दिवसांनी! ओळखलं का?"

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. 'ओळखलं का' असं कोणी विचारलं की 'नाही' म्हणायचं नसतं. समोरच्याचा अपमान होतो. लग्नाच्या मांडवात आपण सगळेच ते करतो, तोंडभर हसतो आणि मनातल्या मनात शोधतो की हा कोण. मीही हसले.

"ओळखलं ना! असं कसं नाही ओळखणार?"

त्यांनी चहा मागवला. आलं घातलेला होता. "साहेब बरे आहेत ना?" त्यांनी विचारलं. माझा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी म्हटलं, बरे आहेत. आता मधेच काय सांगत बसायचं? निघताना ते म्हणाले, "उत्तरावहिनी, येत जा हो."

चूक झालीय हे तेव्हाच कळलं होतं. पण खरं सांगू का, घरी येताना मी गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी फुलवाल्याने शेवंतीचा गजरा पुढे केला. "घ्या वहिनी, तुमच्यासाठीच बाजूला ठेवला." औषधाच्या दुकानातल्या मुलीने मान डोलावली. पांढऱ्या बुटांच्या बायका थांबून बोलायला लागल्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यायचंच हं, म्हणाल्या. उन्मेषला फोनवर मी तोऱ्यात सांगितलं, "मला इथं सगळे ओळखतात!" तो म्हणाला, "बघ, म्हटलं होतं ना," आणि त्या महिन्यात येणार होता ते त्याने रद्द केलं.

मग शिंपीणबाई. गल्लीच्या तोंडाशी पंचफुलाबाईंचं छोटं दुकान आहे, मी तिथं कधी पाय ठेवला नव्हता. त्यांनी हाक मारून एक ब्लाउज हातात दिला. "केव्हाचा शिवून पडला आहे जी. घालून पाहा."

चूक होती, मान्य. पण ब्लाउज मोतिया रंगाचा होता आणि मला वाटलं, बघू या. पडद्याआड जाऊन घातला.

पाण्याचे कॅन वाहून वाहून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलाय. जन्मात कुठलाही ब्लाउज मला नीट बसला नाही, उजव्या बाजूला चुणी पडतेच. हा बसला. मी उलटा करून शिवण पाहिली. उजव्या खांद्याला बोटभर कापड आत घेतलेलं होतं.

"हे माप कोणाचं?" मी विचारलं.

"तुमचंच. अजून कोणाचं राहीन?" त्या मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या.

मी ब्लाउज तिथंच ठेवून आले. अंगावर काटा होता, थंडीचा नव्हे.

त्यानंतर मी नीट पाहायला लागले. मनोहररावांच्या दुकानासमोर एक जुना दुमजली बंगला आहे. फाटकावर पितळी पाटी, 'सुमंत'. वरच्या गॅलरीत रोज एक गृहस्थ वेताच्या खुर्चीत बसलेले, चेहऱ्यापुढे पेपर. पेपर कधी खाली आलेला मी पाहिला नाही. मनोहरराव तिकडे हात करून म्हणायचे, "साहेब वाट पाहून राहिले वहिनी, जा आता." मी हो म्हणायची आणि आपल्या बिल्डिंगकडे वळायची. पाठीला काहीतरी लागतंय असं वाटायचं. वळून पाहिलं तर पेपर तसाच.

एका बुधवारी उन्मेषला फोन लावला, जेवलास का विचारलं.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"अरे, मी!"

"काकू, आईला द्या ना फोन. तिचा फोन तुमच्याकडे कसा?"

"मीच बोलून राहिले गाढवा! आईचा आवाज कळत नाही का तुला?"

"हो, हो आई. घसा बसला का तुझा?" मग तो उगाच गोड होऊन म्हणाला, "शनिवारी येतो."

त्याच्या त्या गोड आवाजाने मला रडू फुटलं. अनोळखी म्हाताऱ्या बाईशी तो असाच बोलतो.

लगेच अंजनाबाईंना फोन केला. "जय भीम, मी तारा," म्हटलं. "कोन तारा?" त्या म्हणाल्या. "आमची तारा त आत्ताच माझ्यासंगं बोलून राहिली होती. पोरगा येऊन राहिला म्हने शनिवारी."

मी फोन ठेवला. पाणी प्याले. नेटवर्क, घसा, वय, सगळी कारणं एकापाठोपाठ मांडून पाहिली. एकही पटलं नाही. मग ठरवलं, आता बास झालं. तोंडाने झालेली चूक तोंडानेच निस्तरायची.

मनोहररावांसमोर जाऊन उभी राहिले. "भाऊ, माफ करा. मी तुम्हाला ओळखत नाही. मी उत्तरा नाही. मी तारा मेश्राम, खापरखेड्याची."

ते रागावले नाहीत की दचकले नाहीत. "मेश्राम मॅडम होय?" म्हणाले. "त्या मघाच येऊन गेल्या. मुलगा येतो म्हणून निळी चादर नेली. मोठ्या खुशीत होत्या."

निळी चादर तर मी आज तिथून घेणार होते. उन्मेषच्या आवडीचा रंग.

"कशा दिसतात त्या?"

मनोहररावांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुमच्याच वयाच्या," म्हणाले आणि गिऱ्हाईकाकडे वळले.

घरी आले. कुलूप मी लावलं होतं तसंच होतं. उन्मेषच्या खोलीत पलंगावर निळी चादर अंथरलेली. कोपरे दुमडून गादीखाली घट्ट खोचलेले. मी कोपरे कधी खोचत नाही.

पोलिसांना काय सांगणार? चोराने चादर आणून टाकली?

शनिवार आला. उन्मेष दुपारच्या विमानाने येणार होता. मी सकाळीच मटण लावलं, दुपार कलल्यावर भाकरीचं पीठ मळलं, आणि कोथिंबीर राहिली म्हणून पाय उचलून बाजारात गेले. दहा मिनिटांचा तर रस्ता. सगळं पायी.

परतले तर वॉचमन दुर्गेशने फाटक अर्धंच उघडलं.

"कोणाकडे जायचंय काकू?"

"घरी! अरे, रोज पाहतोस ना मला?"

"हो ना, रोज जाता तुम्ही इथून." तो अदबीने बोलत होता. "मेश्राम मॅडमकडे का? त्यांचा पोरगा आला. दोघं आत्ताच फिराले गेले."

माझ्या हातात किल्ली होती. मी ती त्याच्यासमोर धरली. तो बिचारा ओशाळला आणि दुसरीकडे पाहायला लागला.

मी धावले. या वयात, साडीत, कोथिंबिरीची पिशवी घेऊन. लोक बाजूला होत होते. "काय झालं वहिनी?" "पडाल हो वहिनी!" सगळ्यांना माझी काळजी होती.

समोशाच्या दुकानाशी मला उन्मेष दिसला. निळा शर्ट, चष्मा, थोडा जाड झालेला. शेजारी एक बाई. तिने माझीच साडी माझ्यासारखी नेसली होती. चेहरा माझा नव्हता. मुळीच नव्हता. पण तो तिच्याकडे पाहून हसत होता. लहानपणी शाळेतून आला की मला सगळं सांगताना हसायचा, तसा.

"उन्मेष!"

तो वळला.

"उन्मेष, ओळखलं का मला?"

माझ्या मुलाच्या डोळ्यांत मी पाहिलं. तो शोधत होता. मन लावून शोधत होता, हे कुणाचं लग्न, ही कुठली मावशी. आणि मग त्याने, मीच त्याला शिकवलं होतं तसं, तोंडभर हसून हात जोडले.

"ओळखलं ना काकू! असं कसं नाही ओळखणार?"

त्या बाईने त्याचा दंड धरला. घट्ट, पडणारा माणूस कठडा धरतो तसा. मला तिचा राग आला नाही. का आला नाही, ते सांगता येत नाही.

ते दोघं पुढे गेले.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. दिवे लागले. कोणीतरी माझ्या हातातली पिशवी घेतली, कोणीतरी कोपराला धरलं. "चला वहिनी, साहेब वाट पाहून राहिले." मनोहरराव होते, की फुलवाला. पितळी पाटीचं फाटक उघडंच होतं.

जिना चढले. गॅलरीत एक वेताची खुर्ची रिकामी होती. समोर चहा, कपावर बशी झाकलेली. मी बसले. पाय फार दुखत होते.

पेपर खाली आला. साधा चेहरा होता. थकलेला, सभ्य, कुठल्याही बँकेत दिसेल असा.

"आधीचं नाव काय तुझं?" त्यांनी विचारलं.

"तारा."

"छान आहे." त्यांनी बशी बाजूला करून कप माझ्याकडे सरकवला. खाली रस्त्यावर उन्मेष त्या बाईला हाताला धरून रस्ता ओलांडून देत होता. कधीकाळी शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाकडे पाहावं तसे साहेब तिच्याकडे पाहत राहिले.

"तिचंही छान होतं," ते म्हणाले.