बर्फाच्या तळाशी गेलेलं बटण

"माझी काडी झोपली!" ढोल ओरडला.

ढोलला हळू बोलता येतच नसे, म्हणून तर त्याचं नाव ढोल पडलं होतं. पण या वेळी प्रकार ओरडण्यासारखाच होता. सुट्टीतल्या चित्रकला शिबिराला काल आल्या आल्या चौघांनी पाकिटातला फळांचा रस चार कपांत ओतला आणि शिक्षकखोलीतल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. रस अर्धवट गोठल्यावर त्यात काड्या खोचल्या. संध्याकाळी घरी जाताना काड्या शिपायासारख्या ताठ उभ्या होत्या. आणि आज दुपारी बघावं, तर चारही काड्या आडव्या पडून तशाच गोठल्या होत्या!

"आता हे खायचं कसं? फावड्याने?" ढोल म्हणाला.

"कुणीतरी कप हलवले असतील," प्राध्यापक चष्मा वर सरकवत म्हणाला. तो होता सातवीतच, पण बोलायचा मात्र पदवी मिळाल्यासारखा.

"घट्ट गोठलेली काडी कप हलवून पडते होय रे?" सुई म्हणाली. "रस मधे वितळला असणार. काड्या पडल्या आणि मग तो पुन्हा गोठला."

"म्हणजे फ्रीजला वेड लागलं!" शेपूट टाळ्या वाजवत म्हणाली. शेपूट ही ढोलची धाकटी बहीण. ढोल जाईल तिथे ती मागे हजर.

तिघंही हसले. सुईला मात्र हसू आलं नाही. तिची नजर दारावरच्या पाटीकडे गेली होती. शाळेतल्या प्रत्येक दारावर आता ही पाटी होती: 'वर्गात घरी केलेले खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे. फक्त बंद पाकिटातले पदार्थ चालतील.'

ती पाटी सुईच्या बाबांमुळे लागली होती.

बाबा शिंपी होते. दिवसभर मशीन चालवायचे, पण जीव होता केक करण्यात. वर्गात कुणाचाही वाढदिवस असला की केक सुईच्या घरून यायचा. सुट्टी लागण्याआधी वर्गाचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तेव्हा त्यांनी भलामोठा क्रीमचा केक केला, आदल्या दुपारी शाळेत आणून दिला आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तो याच फ्रीजमध्ये ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग पोट धरून बसला! ढोल तर तीन तुकडे खाऊन दोन दिवस आडवा होता. झालं, सगळं खापर शिंप्याच्या केकवर फुटलं. बाईंनी पाट्या लावल्या. शाळा सुरू झाल्यावर पालकसभेत हा नियम कायमचा होणार होता.

पण सुईला पाटीचं एवढं वाईट वाटत नव्हतं. तिला वाईट वाटायचं बाबांचं. त्यांनी ओव्हनवर कापडाच्या चिंध्यांचं गाठोडं ठेवून दिलं होतं. जेवताना मधेच हात थांबायचा आणि म्हणायचे, "दूध नासलं होतं का गं? मी वास घेतला होता ना?"

"ए, ऐका," सुई हळूच म्हणाली. "त्याच क्रीमचा छोटा केक बाबांनी घरी ठेवला होता. तो आम्ही त्याच संध्याकाळी फस्त केला. आम्हाला काहीच झालं नाही. का?"

चौघांनी एकदम फ्रीजकडे बघितलं. फ्रीज आपला शहाण्यासारखा घुरघुरत होता.

प्राध्यापकाने युक्ती काढली. कपात पाणी गोठवायचं आणि वर एखादी जड वस्तू ठेवायची. बर्फ टिकला तर वस्तू वरच राहील. वितळला तर बुडेल, आणि पुन्हा गोठला तरी बुडालेलीच सापडेल!

"जड वस्तू माझ्याकडे आहे," सुई म्हणाली. बाबांच्या डब्यातलं कोटाचं पितळी बटण तिच्या खिशात नेहमी असायचं. निघायच्या वेळी तिने ते गोठलेल्या बर्फावर अलगद ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कप बाहेर काढला. बर्फ कडक होता आणि वर बटण नव्हतं.

"चोरीला गेलं!" ढोल म्हणाला.

"कप उलटा कर की, शहाण्या!"

कपाच्या काचेच्या तळातून पितळी बटण लुकलुकत होतं.

त्या संध्याकाळी शिबिर सुटलं, पण चौघं घरी गेलेच नाहीत. शिक्षकखोलीतल्या लांब टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारं कापड होतं. त्याखाली ते दाटीवाटीने बसले.

"तुझं कोपर माझ्या नाकात आहे," ढोल कुजबुजला. त्याची कुजबुज म्हणजे इतरांचं साधं बोलणं.

"मग नाक काढून घे!"

"श्श! कुणीतरी येतंय!"

दार उघडलं. शीळ ऐकू आली. गळ्यात शिट्टी अडकवलेले खेळाचे शिट्टीसर घाम पुसत आत आले. हातात पाण्याने भरलेली विजेची किटली होती. फ्रीजमागच्या भिंतीवर दोन प्लगच्या जागा होत्या. त्यातली एक कधीची जळून काळी पडली होती. सरांनी सरळ फ्रीजचा प्लग उपटला, त्या जागी किटलीचा खोचला आणि पाणी उकळेपर्यंत जागच्या जागी उड्या मारत बसले. मग कॉफी केली, फुर्रकन प्यायली, किटलीचा प्लग काढला, किटली कपाटात ठेवली आणि शीळ घालत निघून गेले.

फ्रीजचा प्लग जमिनीवरच लोळत राहिला.

शेपटीला नेमकी तेव्हाच शिंक आली. पण सर तोवर मैदानात पोहोचले होते!

"हात्तिच्या!" ढोलच्या तोंडून आवाज निघाला, तो अगदी बारीक. "मी आईला सांगितलं होतं, शिंपीकाकांचा केकच वाईट. खरं तर कॉफीमुळे माझं पोट बिघडलं, आणि तीसुद्धा मी न प्यायलेली!"

दुसऱ्या दिवशी शिबिर सुटायच्या आधी चौघं मोठ्या बाईंच्या खोलीत उभे राहिले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"टेबलाखाली लपून शिक्षकांवर पाळत? आणि मी सकाळी बघते, तेव्हा फ्रीज चालू असतो. बटण तुम्हीच आधी पाण्यात टाकून गोठवलं नाही कशावरून?"

प्राध्यापकाची प्राध्यापकी तिथेच संपली. सुई मात्र मागे हटली नाही.

"बाई, मग तुमची वस्तू ठेवा. तुमच्या हाताने. बर्फ तयार आहे. फक्त सरांना सांगू नका." आणि मग तिला राहवलंच नाही. "माझे बाबा रोज विचारतात, दूध नासलं होतं का म्हणून. त्यांना वाटतं, मुलांना त्यांनीच आजारी पाडलं."

बाईंनी जुडग्यातून एक किल्ली सोडवली, फ्रीजपाशी गेल्या आणि ती स्वतः बर्फावर ठेवली.

"उद्या बघू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी झालं काय, की ती किल्ली रंगांच्या कपाटाची निघाली! सगळं शिबिर ब्रश घेऊन ताटकळत उभं, आणि मोठ्या बाई दोन्ही हातांत कप धरून उभ्या. किल्ली तळाशी, वर टणक बर्फ.

"फुंकर मारा बाई," ढोलने मदत केली.

"रात्री वीज गेली होती का हो?" बाईंनी झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं.

"छे! वीज कशाला जाईल? फ्रीजचा प्लग तेवढा काढलेला होता, रोजच्यासारखा. सकाळी मी लावला, रोजच्यासारखा."

"रोजच्यासारखा?"

"हो! मला वाटलं, वीज वाचवायला तुम्हीच सांगितलंय!"

कोपऱ्यात उभ्या शिट्टीसरांचे कान लाल झाले.

"बाई... प्लग मी काढतो. परत लावायचं लक्षातच राहत नाही. सकाळी बघावं तर लावलेला असायचा. मला वाटायचं, मीच लावून गेलो असेन." सर सुईसमोर आले. "तो केक रात्रभर उकाड्यात राहिला माझ्यामुळे. चुकलो बेटा."

"आणि ती जळकी जागा दुरुस्त करून घ्या असं सर वर्षभर सांगत होते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मीच करते करते म्हणत राहिले. चौकशी न करता पाट्या मात्र एका दिवसात लावल्या."

बर्फ वितळला, किल्ली निघाली. पण बाई कपाटाकडे गेल्याच नाहीत. किल्ली सरांच्या हातात देऊन त्या सुईबरोबर थेट तिच्या बाबांच्या दुकानात गेल्या.

बाबा मशीनवर होते. बाई उभ्या उभ्याच सगळं बोलल्या. माफी मागितली. बाबांनी मशीन थांबवलं. किती तरी वेळ ते हातातलं कापड सारखं करत राहिले.

"म्हणजे दूध चांगलं होतं," ते शेवटी म्हणाले.

"चांगलं होतं, बाबा," सुई म्हणाली.

बाबांनी डोळे पुसले आणि गळ्यातली टेप उगीचच सरळ केली. मग दुकानामागच्या घरात गेले. ओव्हनवरचं चिंध्यांचं गाठोडं धपकन खाली पडल्याचा आवाज आला, आणि सुईला एवढं बरं वाटलं की तिने बाईंसमोरच उडी मारली!

शिबिराच्या शेवटच्या दिवशी दारावर नवी पाटी होती, चौघांनीच रंगवलेली: 'घरचा खाऊ जरूर आणा. त्यात काय काय आहे ते बाईंना सांगा. ज्या दिवशी आणाल, त्याच दिवशी संपवा.' खाली शेपटीने स्वतःच्या मनाने एक ओळ घातली होती: 'प्लग काढू नये. सरांनीसुद्धा.'

बाबा ताजा केक घेऊन आले. पहिला तुकडा मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर खाल्ला.

"मी इतकी वर्षं मुलांना शिकवते, आधी तपासा, मग बोला," त्या म्हणाल्या. "या चौघांनी ते केलं. मी केलं नाही. शाबास रे पोरांनो!"

टाळ्या पडल्या. शिट्टीसरांनी तर शिट्टीच वाजवली. ढोलला काही ऐकू गेलं नाही, कारण त्याचा तिसरा तुकडा चालू होता.

"पुरे रे, पोट बिघडेल!" प्राध्यापक म्हणाला.

"बिघडू दे!" ढोल तोंड भरून म्हणाला. "पण या वेळी आईला खरं कारण सांगेन!"

सगळ्यात मोठ्याने हसले ते सुईचे बाबा. हसता हसताच त्यांनी सुईच्या फ्रॉककडे बघितलं. गळ्याशी एक पितळी बटण घट्ट शिवलेलं होतं. टाके वाकडेतिकडे होते, कारण ते तिने स्वतः घातले होते.

"घरी चल, नीट लावून देतो," बाबा म्हणाले.

"नको," सुई म्हणाली. "असंच राहू दे."