निर्माल्यातली पणती

आता तुम्हीच सांगा, झेंडूच्या सुकलेल्या फुलांना आपोआप आग लागते का? पण शकूमावशीच्या निर्माल्य केंद्रात लागली! फुलं बारीक करणाऱ्या यंत्रातून सकाळीच फट्‌कन जाळ उठला आणि मावशीची दोन बोटं भाजली. दिवाळी नुकतीच उलटलेली, दारात हारांचा हा एवढा डोंगर, आणि मावशी नि तिचा यंत्रमानव ठोंब्या, दोघंही पार गळून गेलेले.

मावशीची भाची मुक्ता डबा घेऊन आली, तर ठोंब्या चिमट्यात काहीतरी जळकं धरून बसलेला.

"ओळखतेस का गं हे?" त्यानं विचारलं.

मुक्ताचा चेहराच उतरला. चार्जिंगची पणती! "आमची पण अशीच होती. बिघडली. पण देवापुढची ना, कचऱ्यात कशी टाकायची? म्हणून मी निर्माल्यात टाकली."

"झालं!" मावशी भिंतीला टेकली. "अख्ख्या गावानं हेच केलं असणार. ठोंब्या, सांग बाबा हिला. माझ्यात त्राण नाही."

"माझ्यात तरी कुठंय?" ठोंब्या कुरकुरला. "ऐक. पणतीच्या पोटात लिथियम-आयन बॅटरी (पुन्हा पुन्हा चार्ज होणारी) असते. तिच्यात दोन थर, आणि मध्ये विभाजक (थरांना वेगळं ठेवणारा पातळ पडदा). यंत्रानं पणती चिरडली की पडदा फाटतो, थर एकमेकांना भिडतात आणि साठलेली ऊर्जा एकदम उष्णता होऊन बाहेर पडते. आतला द्रव पेटतो. शेजारी सुकी फुलं. मग काय!"

"पण ती तर बंद पडलेली!"

"दिवा बंद पडला. बॅटरीत धुगधुगी उरतेच."

"मग फोडून बॅटरी काढायची?"

"अजिबात नाही! घरी फोडायला गेलीस तर पडदा तूच फाडशील. अख्खी पणती ई-कचरा केंद्रात द्यायची. तिथं बॅटरीतले धातू काढून नव्या बॅटऱ्या बनवतात."

मुक्तानं डोंगराकडे पाहिलं. तिची पणती त्यातच होती. "मावशी, यंत्र सुरू करू नकोस!"

मग काय, एकेक हार हलक्या हातानं सोडवायचा. मान दुखली, नाकात फुलांचा कुजका वास. दुपार कलली तेव्हा, पेटली तरी आग पसरू नये म्हणून ठेवलेल्या वाळूच्या पेटीत अकरा पणत्या होत्या. अकरावी मुक्ताची.

यंत्र घरघरलं. मावशी श्वास रोखून उभी. फक्त फुलांचा चुरा पडत राहिला.

मुक्तानं फाटकापाशी तीच पेटी मांडली, वर लिहिलं, 'देवापुढच्या चार्जिंगच्या दिव्यांसाठी'. थोड्या वेळानं एक आजी आल्या, घुटमळल्या. मग त्यांनी पदराखालची पणती पेटीत ठेवली आणि तिला हात जोडले.

"बारा," ठोंब्या दमलेल्या आवाजात म्हणाला.