उशाशी कोण होतं

विद्यापीठात तिला पाठीमागे सगळे 'मर्तिकबाई' म्हणत. आधुनिक इंग्रजी कादंबरीकारांची चरित्रं हा तिचा विषय, आणि त्यातही चरित्रकार लेखकाचा मृत्यू कसा रंगवतात यावर तिचा डोळा. जो खोलीत नव्हता त्याने शेवटचे शब्द छापावेत, याची तिला मनस्वी चीड. "सुतावरून स्वर्ग गाठतात मेले," असं ती भर वर्गात म्हणायची.

परदेशातल्या समुद्राकाठच्या एका गावी ती एका कादंबरीकाराच्या धाकट्या बहिणीला भेटायला आली होती. तो गेला तेव्हा मर्तिकबाई हजारो मैल दूर, आपल्या देशात, शाळेच्या बाकावर होती. बहीण आता नव्वदीची, वृद्धाश्रमात. खोलीत मलमाचा आणि ओल्या फरशीचा वास होता.

म्हातारीने तिला दारातच निरखलं. "किती उशीर केलात यायला!"

"आपण पहिल्यांदाच भेटतोय."

"असं कसं? दादा गेला तेव्हा तुम्हीच तर उशाशी होतात."

मर्तिकबाई मनात हसली. वय झालं की माणसं चेहऱ्यांची सरमिसळ करतात. चहा घेऊन ती उठली.

दुपारी ती कादंबरीकाराच्या डॉक्टरांकडे गेली. म्हातारा खणखणीत होता, बागेत गुलाब छाटत होता. त्याने कात्री खाली ठेवली.

"खिडकी उघडू नका म्हणून माझ्याशी हुज्जत घातली होतीत, आठवतं? वाऱ्याने त्यांना ठसका लागतो म्हणालात. बरोबर होतं तुमचं."

"तुमची काहीतरी गफलत होतेय."

"अंगठ्याने करंगळी चोळायची सवयही तीच आहे," म्हातारा म्हणाला.

तिने हात पदराखाली घेतला.

खिडकीवरून हुज्जत तिने घातली होती. पण ती स्वतःच्या आईच्या आजारपणात, आईच्या घरी. लिहायला घेतलेलं पुस्तक टाकून, बिनपगारी रजा काढून ती आईजवळ राहिली होती. संसारात बाकी कशातही ती पुरी पडली नाही. तेवढं एक मात्र तिने केलं होतं.

बागेबाहेर येऊन तिने लेकीला फोन लावला.

"आजी गेली तेव्हा मी तिथे होते ना गं?"



"आता हे कशाला उकरून काढतेस, आई?"

"सांग ना."

"तू आली नाहीस. तुझं पुस्तक चाललं होतं. मावशी पोचली तोवर आजीचं अंग गार पडलं होतं."

"अगं, मी मिटले तिचे डोळे! या हातांनी!"

"आई, यावरून आपण किती वर्षं भांडलोय. निदान आता खोटं तरी बोलू नकोस."

फोन बंद झाला. मर्तिकबाई समोरच्या बाकावर बसली आणि आईची खोली आठवू लागली. पलंग आठवला. औषधाच्या बाटल्या आठवल्या. भिंतीवरची ओल आठवली. आणि बंद खिडकीपलीकडून लाटांचा आवाज येत होता.

आईच्या गावाला समुद्र नव्हता.

तिने डोळे घट्ट मिटले. हातातला हात आठवला. तो रुंद होता, राठ होता, बोटाला शाईचा डाग होता.

ती तशीच वृद्धाश्रमाकडे वळली. जाब विचारायचा होता, पण कुणाला, ते तिला कळत नव्हतं. म्हातारी जणू वाट पाहत बसली होती.

"एकच विचारायचं राहिलं," म्हातारी म्हणाली. "तुम्ही दार लावून घेतलंत, आम्ही बाहेर. शेवटी काय म्हणाला तो?"

"मला माहीत नाही," असं म्हणायला मर्तिकबाईने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"पायांवर पांघरूण घाल म्हणाले. गार वाजतंय म्हणाले."

हे शब्द आईचे होते. मायबोलीतले. पण तिच्या तोंडून ते इंग्रजीत आले, आणि कितीही आठवलं तरी आता आईचा आवाज काही केल्या त्यांना लागेना.

म्हातारीचे डोळे भरून आले. "त्याचे पाय सदा गारच असायचे. घातलंत ना?"

"घातलं."

"तुम्ही होतात म्हणून. नाहीतर एकटाच गेला असता बिचारा."

म्हातारीने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला.

"अजून तसाच उबदार आहे," ती म्हणाली.