शुवैखमधला पाळणा

मोबाइल बाजूला ठेव, निखिल. ज्ञानदा, गॅलरीचं दार लोटून घे; अबू हलीफाचा समुद्र रात्री फार बडबडतो. हं. तर तुमचं म्हणणं, कुवेतमध्ये भुतं नसतात. सगळ्या इमारती कालपरवा बांधलेल्या, भूत येणार कुठून? अरे, आपण आलो ना विमानातून, तशी बाकीचीही येतात. सामानातून.

ही गोष्ट चंद्रहास मेस्त्रीची. कणकवलीकडचा. शुवैखच्या वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर होतो तेव्हा तो माझ्याकडे सुतार होता. साल अठ्ठ्याण्णव. इथल्या एका अमेरिकन शाळेत प्रदर्शन होतं. अडीचशे वर्षांपूर्वी, त्यांच्यावरही इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा, तिकडची माणसं घरात कशी राहायची, ते दाखवायचं. सामानाची ऑर्डर आमच्याकडे. दोरीने विणलेली खाट, म्हणजे आपली बाजच की! लाकडी ताटं, दोघांत एक. सूत काढायचं मोठं चाक. काम घेऊन आलेल्या मॅडम सांगायच्या, तेव्हा बुटात डावा-उजवा नसायचा, दोन्ही सारखेच शिवायचे. आम्ही हसून हसून बेजार.

सगळं नवीन बनवायचं होतं, एक वस्तू सोडून. पाळणा. मॅडमच्या घराण्यातला, खराखुरा, बोटीने आलेला. आपल्यासारखा टांगायचा नाही. खाली दोन वाकड्या पट्ट्या, त्यावर जमिनीवरच डुलायचा. त्यातली एक पट्टी वाटेत मोडली होती. ती बसवून गुरुवारी सकाळी पोचवायचा होता.

"त्यात कुणी मेलं होतं का, दीनानाथकाका?"

बरोबर विचारलंस, ज्ञानदा. मीही विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, त्या काळी पोरं फार जायची. ह्या पाळण्यातलं शेवटचं बाळ तर नाव ठेवायच्या आधीच गेलं. मी हे चंद्रहासला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. ती चूक माझी.

कारण त्याची बायको शीला तेव्हा माहेरी होती, दिवस भरत आलेले. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोनदा पोटातच गेलेलं. आता मुलगी झाली तर मुक्ता नाव ठेवायचं, हे दोघांनी पत्रातून ठरवलेलं. तिसऱ्या कानाला कळू द्यायचं नाही. जन्माआधी नाव उच्चारू नये, म्हणतात.

बुधवार, अठरा नोव्हेंबर. अमावास्या. मी वरच्या खोलीत झोपलेलो, खाली चंद्रहास एकटा. दोनच्या सुमाराला पट्टी बसली. पॉलिशपेपर मारून झाला. आता हलवून बघायला हवा. पण रिकामा पाळणा हलवायचा कसा? आपल्यात कुणी हलवतं का? बारशाला आपण पाळण्यात आधी वरवंटा ठेवतो. त्याच्याकडे वरवंटा कुठला! धार लावायचा दगड होता. तो त्याने पंच्यात गुंडाळला आणि आत निजवला. हलवला. झकास डुलला.

माणूस खूश झाला. घर आठवलं असेल. वाकला, आणि आत्या करते तसं त्या दगडाच्या कानाशी 'कुर्रर्र' केलं. आणि नाव घेतलं.

मुक्ता.

गंमत म्हणून रे. बापाचं मन.

त्याने हात काढला. पाळणा थांबायला हवा होता...

नाही थांबला.

त्याला वाटलं, नवी पट्टी आहे, थांबेल. एक मिनिट गेलं. दोन गेली. पलीकडून कुणी पायाने ढकलावं, तसा डुलत होता. एका लयीत. मग कोपऱ्यातलं ते सूत काढायचं चाक फिरायला लागलं. त्याला अजून दोरीसुद्धा लावली नव्हती. मॅडम म्हणाल्या होत्या, तिकडच्या बायका हाताने सूत काढायच्या आणि पायाने पाळणा...

"काका, स्टॉप."

थांबू, निखिल? ...नको? बरं, मग ऐक.

चंद्रहासने दगड उचलायला हात घातला. पंचा ऊबदार लागला. आणि मऊ.

तेवढ्यात आवाज आला. बाईचा. अगदी हळू. नवा शब्द शिकावा तसा.

"मुक्... ता."

मग पुन्हा. ह्या वेळी बरोबर.

"मुक्ता."

तेव्हा त्याला उमगलं. नाव दिलं होतं त्याने. पाळण्यात घालून, कानात सांगून, रीतसर. कुणाला, ते ठाऊक नव्हतं. पण दिलं होतं. आणि ज्या लेकरासाठी राखलं होतं, ते अजून...

तो दाराकडे पळाला. कडी निघेना. दाराला पाठ लावून तिथंच बसला. पाळणा वेगात. अजून वेगात. आणि पंच्यातून... रडणं नाही. हसणं.

"ऱ्हवांदे," तो म्हणाला. "तां नाव तुज्या चेडवाक ऱ्हवांदे. माज्या चेडवाक सोड गो, बाय..."

चेडू म्हणजे त्यांच्यात मुलगी, ऱ्हवांदे म्हणजे राहू दे.

चाक थांबलं.

पाळणा थांबला.

भिंतीवरच्या घड्याळात दोन पंचवीस.

सकाळी सहाला मी दार वाजवलं. आतून कडी. चंद्रहासने उघडलं आणि परत तिथंच बसला. बसल्या बसल्या सगळं सांगितलं. मी पाळण्यात पाहिलं. दगडच होता. गार. म्हटलं, तुला झोप लागली असेल. पण माझं मलाच ते पटलं नाही. मग त्या बिननावाच्या बाळाचं मी त्याला सांगितलं.

सातला त्याच्या मेव्हण्याचा फोन आला. मुलगी झाली. पहाटे चार पंचावन्नला, म्हणजे आपल्याकडचे दोन पंचवीस. निपचित पडली होती म्हणे, डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि एकाएकी टाहो फोडला. चंद्रहास ढसाढसा रडला. मीही रडलो, लपवत नाही. नाव लीना ठेवलं. आता मोठी झालीय, गुणी पोर आहे.

"म्हणजे हॅपी एंडिंग," निखिल म्हणतो. असेल बाबा.

फोन झाल्यावर चंद्रहास उजेडात उभा राहिला. रात्रभर जमिनीवर बसलेला, अंगभर लाकडाचा भुसा. मी झटकायला वाकलो. गडद निळी पँट होती. उजव्या गुडघ्यावर भुशाचा ठसा... पाच बोटं. तळवा रुपयाएवढा. उभं राहायला शिकणारं पोर आधाराला गुडघा धरतं ना, तसा.

मी हात मागे घेतला. चंद्रहासनेही तो ठसा झटकला नाही.