दारापर्यंत न पोचलेला

पटलं नाही तरी चालेल, पण वाचून हसू नका. गौतमी माझी सख्खी मावसबहीण. यातलं बरंचसं मी तिच्या तोंडून ऐकलंय आणि शेवटचं माझ्या स्वतःच्या कानांनी.

गेल्या वर्षीचा मार्च महिना. गाव भरे, तालुका मुळशी. रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती, आणि मला भीती त्याचीच जास्त वाटते.

गौतमी अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा, ओमचा आणि शुभांगीचा मिळून एक प्रोजेक्ट होता, स्टॉप-मोशन फिल्मचा. बाहुला ठेवायचा, फोटो काढायचा, तसूभर हलवायचा, पुन्हा फोटो. असे बारा फोटो जोडले की पडद्यावर एक सेकंद होतो. टेबलाला कुणाचा धक्का लागला की दिवस वाया. कॉलेजच्या स्टुडिओत रोज वेगळ्या गटाची पाळी, म्हणून यांनी भरे गावात हैबतरावांची एक खोली भाड्याने घेतली. उजेड कमी-जास्त होऊ नये म्हणून खिडक्यांना काळा कागद चिकटवला. बाहेर रणरणतं ऊन आणि आत मिट्ट काळोख.

फिल्म अगदी साधी. एक तरुण एसटीतून उतरतो, माळावरून चालत येतो आणि घराच्या दारात पोचतो.

घर शुभांगीनं पुठ्ठ्याचं केलं. कॅमेरा आणि जोडणी ओमकडे. गौतमीनं तारेवर क्ले चढवून वीतभर बाहुला केला. त्याला शर्ट हवा होता. हैबतरावांच्या बायको, गोजराबाई, रोज चहा घेऊन यायच्या. त्यांच्याकडे हिनं जुनं कापड मागितलं.

चूक झाली ती इथे.

गोजराबाईंनी निळ्या चौकड्यांचा शर्ट आणून दिला. "ह्याचा शिव," म्हणाल्या.

शर्टाला इस्त्री होती. इस्त्रीचा शर्ट चिंधी म्हणून कुणी देतं का? पण आमची गौतमी कामात असली की तिला शेजारी लागलेली आगही दिसायची नाही. तिनं सरळ कात्री चालवली.

त्या दिवसापासून गोजराबाई चहा ठेवता ठेवता विचारायच्या, "आज कुटवर आला?"

"झाडापर्यंत आला, काकू."

"लई हळू चालतोय गं."

"दिवसाला चार-पाच सेकंदच होतात."

"व्हऊ दे. दारात आला की मला हाक मार."

गौतमीला वाटलं, म्हातारीला नवल वाटतंय.

बाराव्या दिवशी ती तिघं जेवायला बाहेर ओट्यावर बसली. खोलीला कुलूप, किल्ली गौतमीच्या कमरेला. जाताना शेवटचा फोटो होता सहाशे अकरावा.

परत आल्यावर लॅपटॉपवर आकडा होता...

सहाशे चौदा.

तीन फोटो जास्तीचे. त्यात बाहुला एक पाऊल पुढे आला होता.

"ओम, फालतूपणा नको हं," गौतमी म्हणाली.

"मी तुझ्याच शेजारी जेवत होतो ना!" ओमचा चेहरा उतरला होता. हा मुलगा एरवी खोटं बोलताना हसतो. आज हसला नाही.

शुभांगीनं बाहुल्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"हा ओला आहे."

क्ले तेलात मळलेली असते. तिला पाणी सुटत नाही. पण बाहुल्याच्या पायाखालची माती भिजून काळी पडली होती, आणि खोलीत वास येत होता... गाळाचा.

दुसऱ्या दिवशी जेवताना बंद दाराआडून आवाज आला.

टप... टप...

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच उठलं नाही.

गोठ्याकडून हैबतराव आले. त्यांनी कान दिला. मग किल्ली मागून घेतली आणि खोली उघडली. टेबलापाशी गेले, बाहुल्याकडे पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसले.

"ह्यो शर्ट कुणी दिला?"

"काकूंनी."



"आमच्या किशोरचा हाय," ते म्हणाले. "चार वरसं झाली, धरणाच्या पाण्यात गेला. घावला न्हाई. ज्याचं मढं घावत न्हाई, त्याचा पिठाचा पुतळा करत्यात. अंगावर त्याचा कपडा घालत्यात आन् जाळत्यात. मग त्यो सुटतो. पर त्याच्या आईनं करू दिलं न्हाई. जित्या पोराला जाळू व्हय, म्हणली."

गौतमीनं बाहुल्याच्या शर्टाकडे पाहिलं.

"आता तुमी केलाय त्याचा पुतळा. केला ते केला. येक तर त्याला घरात पोचवा, न्हाईतर माज्या हातात द्या, मी जाळतो. पर मदे सोडू नका."

"पोचवते, काका. शेवटचा सीन तोच आहे."

ती मनापासून बोलली होती, हे मला सांगायलाच हवं. पण सबमिशनला तीन दिवस उरले होते आणि दारापर्यंतचं अंतर अजून पंधरा सेकंदांचं. शुभांगीनं तर त्या खोलीत पाऊल टाकायला नकार दिला होता.

ओमनं तोडगा काढला. कामचुकारपणाला तो नेहमी टेक्निक म्हणतो. उजवं पाऊल, डावं पाऊल, एवढ्या बारा फ्रेम आहेतच. त्याच पुन्हा पुन्हा जोडायच्या. माणूस चालत राहतो, पडदा हळूहळू काळा होतो, फिल्म संपली. सगळेच असं करतात.

"आणि दार?" गौतमीनं विचारलं.

"लोक समजून घेतील."

गौतमी हो म्हणाली. आजही ती या एका 'हो'साठी स्वतःला माफ करत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते जमलेलं नाही.

हैबतराव बाजाराला गेलेले पाहून त्यांनी सामान आवरलं. बाहुला खोक्यात घातला. गोजराबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"आला का गं दारात?"

गौतमीनं मान खाली घातली. "आला, काकू. कॉम्प्युटरमधे आला."

गोजराबाईंनी पदर तोंडाला लावला. मग घाईघाईनं आत गेल्या आणि चुलीवर भाकरीचा तवा ठेवला.

तीन दिवसांनी फिल्म परीक्षकांपुढे लागली. शेवटचा भाग आला. तेच बारा फोटो, वीस वेळा जोडलेले. त्यात तसूभरही फरक पडणं शक्य नाही.

पण बाहुल्याची मान वळत होती...

दर खेपेला थोडी. आधी कान दिसेनासा झाला. मग दोन्ही डोळे दिसले. शेवटी तो समोर बघत होता, आणि गौतमीनं कधीच न कोरलेलं तोंड उघडं होतं.

परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. ओम बाहेर जाऊन ओकला.

त्याच दुपारी हैबतरावांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"तीन दिस झाले, किशोरची आई म्हणत हुती, पावलं वाजत्यात. घराभवती फिरतोय, पर दार घावंना त्याला. आज म्हणली, मीच जाते, हाताला धरून आणते. सकाळच्या एसटीनं गेली. धरणाच्या काठाला चपला घावल्यात निस्त्या."

फोन कानाला धरूनच गौतमी बाहुल्याच्या खोक्यापाशी गेली.

"पोरी, त्यो पुतळा आणून दे. दोगांचं बी करून टाकतो."

तिनं खोकं उघडलं.

आत तार होती. चालता चालता थांबल्यासारखी वाकलेली. क्ले नव्हती. शर्ट नव्हता. खोक्याचा तळ भिजून मऊ झाला होता.

या वेळी ती खोटं बोलली नाही. दिसलं ते फोनवरच सांगितलं.

"म्हंजी अजून वाटंलाच हाय," हैबतराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ओमनं फिल्म सगळीकडून पुसून टाकली. काही उपयोग झाला नाही. गौतमी भूगावला तिसऱ्या मजल्यावर राहते. दुपारी जिन्यात पावलं वाजू लागतात. उजवं, डावं. उजवं, डावं. सेकंदाला दोन. जवळ येत नाहीत, लांबही जात नाहीत. शेजाऱ्यांना ऐकू येत नाहीत.

मागच्या रविवारी ती माझ्याशी फोनवर बोलत होती. बोलता बोलता मधेच तिनं फोन दाराकडे धरला.

टप... टप...

मी ऐकलं. त्या पावलांमागे आणखी कुणीतरी चालत होतं, थकल्यासारखं, पाय ओढत. आणि बांगड्या वाजत होत्या...

"काकू, या ना आत," गौतमी रडत म्हणत होती. "दार इथे आहे. हे बघा, इथे आहे."

पावलं तशीच वाजत राहिली.

आता ती दुपारभर दार सताड उघडं टाकून बसते. घरचे ओरडतात, माझी मावशी मला म्हणते, तू तरी समजाव तिला. दार लावून घे म्हणून सांगायला मी दोनदा फोन उचलला आणि दोन्ही वेळा परत ठेवला.