पाणी न पिणारी भिंत

"अहो मॅडम... भिंतीला पाणी पाजताय का?"

मी दचकून वळले. दारात तो उभा — रिजवान, आमचा गाईड. बाटली माझ्या हातात, आणि गाल... गाल तर सकाळपासूनच तापलेले!

नामांकित वास्तुविशारद रूपचंद बोथरांचं जुन्नरजवळच्या येडगाव धरणाकाठचं घर दुरुस्त होऊन त्या दिवशी पहिल्यांदाच लोकांसाठी उघडलं होतं. अवसरीच्या कॉलेजातून आम्ही सिव्हिलच्या मुली बस भरून आलो होतो. घराचा सगळा गिलावा रिजवाननं केलेला. "अख्ख्या घरात शिमिटाचा कण न्हाई," असं तो इतक्या ऐटीत सांगत होता, की मी कमानी सोडून त्यालाच बघत होते.

"चुन्याची भिंत पाणी पिते, सिमेंटची पीत नाही," मी म्हणाले. "ही का पीत नाहीये?"

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पाणी सरळ ओघळत होतं. रिजवानचा चेहरा पडला.

"उद्घाटन तोंडावर आलं व्हतं, अन् चुना काही वाळंना..." तो हळूच म्हणाला. "एवढाच तुकडा शिमिटाचा. तुमी सांगणार?"

सांगितलं तर त्याचं नाव खराब. नाही सांगितलं, तर तो मला आवडेनासा होईल... आणि ते तर मला मुळीच नको होतं.

"मी नाही. तुम्हीच सांगा."

तो तरातरा अंगणात गेला आणि बोथरांची नात डिंपलताई, पन्नासेक पाहुणे, सगळ्यांसमोर चूक कबूल करून मोकळा झाला.

"काढा तो तुकडा," डिंपलताई म्हणाल्या. "आणि चुन्यानं तुम्हीच भरा. दुसरं कुणी नको."

बसचा हॉर्न वाजला. माझी मैत्रीण स्नेहल हाका मारत सुटली. मी मात्र पुन्हा स्वयंपाकघरात! तो छिन्नी-हातोडा घेऊन बसलाही होता.

"लई महागात पडलात राव," तो हसला. "आता पंधरा दिवस रोज पाणी मारायचं."

"रविवारी मी येते. माझं घर जुन्नरलाच, एसटी आहे की."

"भिंत बघायला?"

"भिंतीत काय बघायचंय? तुम्हाला बघायला..." मी डोळे मिटून टाकले. "आवडता तुम्ही मला!"

आणि मी धूम ठोकली.

"अहो, नाव तरी सांगा!" तो धुळीनं माखलेल्या हातांनी मागे धावत आला.

"फरहा!" बसच्या दारातून मी ओरडले. अख्ख्या बसला ऐकू गेलं, तर जाऊ दे!