मागे सरकलेली सीट

यात पदरचं काही घातलेलं नाही. जे मला समजलं नाही, ते समजलं नाही असंच लिहिलं आहे.

हे घडलं माझ्या दादाच्या बाबतीत. आणि रात्री नाही. शनिवारची दुपार होती, लख्ख ऊन पडलं होतं, गॅरेजमध्ये रेडिओ चालू होता.

पण सुरुवात त्याच्या आधीची आहे.

दादाकडे एक जीप होती. डोंगरात, दगडगोट्यांत घालायची हौस म्हणून त्याने ती चांगली वीतभर उंच करून घेतली होती आणि खाली ट्रॅक्टरला शोभतील असे टायर बसवले होते. वहिनी म्हणायची, "एक तर शिडी आणा, नाहीतर मला घरी ठेवा."

मग ती जीप हादरायला लागली.

साधं थरथरणं नव्हे. गाडीने ठरावीक वेग घेतला आणि चाक एखाद्या खड्ड्यात आपटलं, की स्टिअरिंग पिसाळायचं. हातांना हिसके बसायचे. आरसे, काचा, तोंडातले दात... सगळं वाजायचं. गाडी पार थांबल्याशिवाय ते थांबायचं नाही.

दादाचा शाळेतला मित्र गॅरेज चालवतो. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणतात. त्याने टायर बॅलन्स केले, अलाइनमेंट केली, चाकांचे सांधे तपासले. हादरा होता तिथेच.

शेवटी त्याने दोन माणसांची तपासणी काढली. इंजिन चालू ठेवायचं. एकाने सीटवर बसून स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे झटझट फिरवायचं. दुसऱ्याने गाडीखाली झोपून बघायचं, जे हलायला नको ते काय हलतंय.

दादा वर. मिस्त्री खाली.

"डावीकडे... उजवीकडे... अरे, पाळणा हलवतोयस का? जोरात फिरव!"

आणि सापडलं.

पुढचा एक्सल जागेवर धरून ठेवणारा एक आडवा दांडा असतो. त्याच्या बोल्टचं भोक झिजून लांबट झालं होतं. तिथलं वेल्डिंगही चिरलं होतं. स्टिअरिंग फिरलं की बोल्ट त्या भोकात सरकत होता.

टक्... टक्...

"हे कापून नवीन बसवावं लागेल," मिस्त्री बाहेर येत म्हणाला. "आठवडाभर गाडी इथे सोड."

"उद्या गिऱ्हाईक येतंय. विकतोय मी ही."

"मग?"

"नुसतं हादरणं बंद होईल असं काहीतरी कर ना. तुला काय अवघड आहे?"

मिस्त्री हात पुसत राहिला. "स्टिअरिंगला हिसके गिळणारा नवा डॅम्पर घातला तर हादरा दबेल. दबेल, बरं का. जाणार नाही."

"दबू दे. पुढचं पुढे."

मिस्त्रीने डॅम्पर घातला. त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नाही.

गिऱ्हाईक म्हणजे जमिनीची मोजणी करणारा एक सर्व्हेअर. ताडमाड उंच. सीटवर बसला तर गुडघे थेट डॅशबोर्डला टेकले. हसत त्याने सीटखालचा खटका ओढला आणि सीट पार मागे ढकलली.

खर्र... खट्.

"दुनियेला मापं देतो मी साहेब, पण माझंच माप चुकलंय," तो म्हणाला.

मग जरा गंभीर होऊन त्याने विचारलं, "सांगण्यासारखं काही आहे का गाडीत? बायको-पोरं असतात कधी कधी सोबत."

"छे! फुलासारखी चालते," दादा म्हणाला.

सर्व्हेअर गाडी घेऊन गेला. जाताना खिडकीतून लांबच लांब हात काढून टाटा केला. दादा सांगतो, त्या हाताकडे त्याला बघवलं नाही.

दादाने मग छोटी गाडी घेतली. कोरी, शोरूममधून.

एका सकाळी तो गाडीत बसला आणि त्याचे पाय पेडलपर्यंत पोचलेच नाहीत.

सीट पार मागे गेली होती.

"बाईसाहेब, रात्री कुठे दौरा होता?" त्याने घरात येऊन वहिनीला विचारलं.

"तुमच्या गाडीला मी हातसुद्धा लावत नाही. जीपने जेवढी हाडं खिळखिळी केलीत तेवढी पुरे!"

त्याने सीट पुढे घेतली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागे. चाव्या उशाशी घेऊन झोपला. तरीही...

मग गाडी हादरली.

गुळगुळीत रस्ता. खड्डा नाही, खडा नाही. नेमका जीपचाच तो वेग. स्टिअरिंगने तसाच हिसका दिला. आरसे वाजले. दात वाजले.

शनिवारी तो गॅरेजमध्ये गेला.

"कोऱ्या गाडीला काय होणार आहे?" मिस्त्री म्हणाला. "हादरा तुझ्या डोक्यात असेल. चल, बस वर."

दादा वर, मिस्त्री खाली. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.

"डावीकडे... उजवीकडे... सगळं दगडासारखं घट्ट आहे रे. थांब, एक नट बघतो."

दादाच्या घशाला कोरड पडली होती. इंजिन तसंच चालू ठेवून तो उतरला आणि कोपऱ्यातल्या नळाशी गेला. ओंजळ भरली.

"हां... आता काहीतरी येतंय," गाडीखालून आवाज आला. "फिरव. फिरवत राहा."

दादाच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं.

नळापासून गाडीची खिडकी दिसत होती. सीट रिकामी होती.

स्टिअरिंग फिरत होतं.

डावीकडे... उजवीकडे... सावकाश, नीट. कुणीतरी आतून चाचपून बघत असल्यासारखं.

टक्... टक्...

"हा आवाज..." मिस्त्रीचा सूर बदलला. "या गाडीत कसा येईल?"

छोट्या गाडीच्या पुढच्या बाजूला तसला दांडाच नसतो. ते भोकही नसतं. मिस्त्रीला हे दादापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"पुरे. थांब आता."

टक्... टक्...

"अरे, थांब म्हटलं ना!"

"मी इथे आहे," दादा कसाबसा म्हणाला. "नळाजवळ."

स्टिअरिंग थांबलं.

मग शांतपणे...

खर्र... खट्.

मिस्त्री कसा बाहेर आला ते त्यालाच माहीत. कोपर सोलून निघालं होतं. आधी त्याने लांबूनच हात घालून इंजिन बंद केलं. मग रेडिओ.

"फोन लाव त्याला," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. गाडी चालवू नको म्हणावं."

"काय कारण सांगू?"

"जे आहे ते! आपण दोघांनी केलंय ते!"

दादाने फोन लावला. मिस्त्रीला ऐकू जावा म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडे बाईचा आवाज आला. सर्व्हेअरची बायको.

"ते गेले हो," ती म्हणाली. "गाडी घेतली त्याच महिन्यात. सरळ रस्त्यावर. गाडीचं तर काही उरलंच नाही. पोरं तेव्हा सोबत नव्हती, तेवढंच."

दादाने फोन दोन्ही हातांनी धरला.

"सगळे म्हणतात, वेगात असणार. माझ्या सासूबाईसुद्धा तेच म्हणतात. पोरगा धाकटा आहे, त्याला शाळेत कुणीतरी बोललं. पण ते कधी गाडी पळवायचे नाहीत हो. मी शेजारी बसायचे ना." ती थांबली. "तुम्ही एवढे दिवस चालवलीत. गाडीत काही होतं का? मला कुणाशी भांडायचं नाही. नुसतं सांगा."

दादाने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने जमिनीकडे.

"नाही," दादा म्हणाला. "फुलासारखी चालायची."

"बरं," ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून दादाने गाडी चालवलेली नाही. विकायची तर हिंमतच नाही. रोज संध्याकाळी तो सर्व्हेअरच्या बायकोचा नंबर काढतो आणि फोन पालथा ठेवून देतो. चहाचा कप त्याच्या हातात वाजतो. वहिनीने त्याला स्टीलचा पेला दिला आहे. तोही वाजतो.

परवा मिस्त्रीचा फोन आला.

"सांगितलंस तिला?"

"सांगतो."

"लवकर सांग रे." मिस्त्री रडवेला झाला होता. "आज सकाळी माझ्या गाडीची सीट..."

काल दादा माझ्याकडे आला आणि हे सगळं बोलला. मी त्याला नको नको ते बोलले. एका पोराच्या मनात त्याच्या बापाबद्दल तू काय ठेवलंयस, असं विचारलं. मग म्हटलं, नंबर दे, मी सांगते तिला.

त्याने मुकाट्याने नंबर दिला. मी फोन हातात घेतला. तिला पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मनात जुळवलं. पुन्हा जुळवलं. दादा समोर बसला होता, त्याचे हात मांडीवर थरथरत होते. माझा सख्खा भाऊ.

"आता नको," मी म्हटलं. "उद्या बघू."

आज सकाळी मी कामावर बसने आले. माझी गाडी घराखाली उभी आहे. जाताना मी तिच्या जवळूनच गेले. काचेतून आत एक नजर टाकायची, एवढंच होतं...

मी टाकली नाही.